दिवसाची गाडी

समुत प्राकान,
९ जून

ति. आईस,
दुआनचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तेंगला तुझ्याकडून इकडे आणलं त्याला दोन महिने होत आले, आणि या दोन महिन्यांत मी कागद घेऊन बसले की एक तर मला डुलकी लागते, नाही तर तिला रडू येतं. पोर झोपत नाही, आई. सगळी बातमी एवढीच आहे.

तिच्यासाठी म्हणून आम्ही खिडकीची खोली घेतली. शिवणकारखान्याच्या मागेच आहे, नळ दारात. विचियनने बर्फाच्या कारखान्यातून लाकडी फळ्या आणून तिच्यासाठी बुटका पलंग केला. त्या पलंगावर आता आमचे धुतलेले कपडे झोपतात. दिवसभर ती बरी असते. सायजाई मावशीच्या पपईच्या गाडीपाशी बसून काकड्या खाते. तिचं नावच तेंग, म्हणजे काकडी, म्हणून मावशी तिला म्हणते, आपल्याच भावंडांना खातेस होय गं. पण दिवे लागले की तिचा चेहरा बदलतो. माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरते आणि सोडत नाही. डोळे मिटायला लागले की उठून उभी राहते. उभ्या उभ्याच झुलायला लागते, पडते, रडते, पुन्हा उभी. शेवटी झोपली तरी जरा वेळाने दचकून उठते आणि दाराकडे धावते.

पाच महिन्यांची असताना तिला तुझ्या हाती दिली, अडीच वर्षांची झाल्यावर परत घेतली. तुझ्याकडे ती कोंबड्यांच्याही आधी झोपायची असं तू सांगायचीस. मग इथेच काय झालं? तू तिला रोज कुशीत घेऊन निजायचीस, ती सवय तूच लावलीस असं विचियनचं म्हणणं आहे. माझंही थोडं आहे. ती तुला आई म्हणते आणि मला, तू हाक मारतेस तशी, दुआन म्हणते. कारखान्यातल्या बायका हसतात. मीही हसते.

यंदा तुझ्या रेशमाच्या किड्यांनी कोष बरे केले का? गुडघा कसा आहे? माझ्या बोलण्याचा राग धरू नकोस. लोभ आहे, तो असू दे. थोडा जास्त झाला तरी इथे खपेल.

तुझी,
लामदुआन


बान नोंगदू, रोई-एत,
१७ जून

चि. दुआनला आईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. सवय मी लावली म्हणतेस. लावली. पोराला माणसाच्या कुशीची सवय नाही लावायची तर काय म्हशीच्या लावायची? तूही माझ्या कुशीत निजून एवढी मोठी झालीस आणि आता शहाणपण शिकवतेस. जावईबापूंना सांग, पलंग छान केला असेल, कपड्यांना आवडला असेल.

आता कामाचं ऐक. ऊन उतरलं की तिला कोमट पाण्याने अंघोळ घालायची. चिकट भात लवकर द्यायचा, पोट तडस लागेपर्यंत नाही. दुपारी झोपू दे, पण ऊन कलायच्या आत उठव, नाहीतर रात्र तिची होते आणि दिवस तुझा. टीव्ही बंद. मग रोज त्याच क्रमाने सगळं करायचं: अंघोळ, भात, पाय धुणे, पंख्याने वारा, गाणं. गाणं एकच. तुला दहा येत असली तरी एकच. मुलाला पुढे काय येणार ते माहीत असलं की ते निवांत होतं.

इथे ती किड्यांच्या खोलीतच निजायची. पाला खाताना किडे जी बारीक कुरकुर करतात ती ऐकत डोळे मिटायची. रात्री पाला घालायला मी उठले की एक डोळा उघडून बघायची. मी टोपल्यांपाशी दिसायची, ती पुन्हा झोपायची. कधी रडली नाही.

मला वाटतं, तिचा ख्वान इथेच राहिला. शरीर गाडीत बसलं, जीव जिन्याच्या पायरीवर. परवा मी तिची जुनी बंडी घेऊन जिन्याखाली उभी राहिले, भात आणि अंडं ठेवलं आणि त्याला हाक मारली की जा बाबा, तुझी मालकीण शहरात आहे. पांढरा दोरा मंतरून घेतला आहे, तो तिच्या मनगटाला बांध. सोबत माझं जुनं नेसूचं पाठवते आहे. धुऊ नकोस.

माझं ठीक आहे. परवा सवयीने दोघींचा भात शिजवला, मग कोंबड्यांना घातला. नाहीच जमलं तर पोरीला परत पाठव, यात कमीपणा नाही.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी आई,
खामपून


समुत प्राकान,
२ जुलै

ति. आईस सा. न.

दोरा बांधला. नेसूचं उघडलं तेव्हा तेंगने त्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. मी तुझं सगळं ऐकलं, अंघोळ, भात, पंखा. गाणं ते बेडकाचं निवडलं. आणि आई, ती झोपली. दुसऱ्या दिवशीही झोपली. मी विचियनला म्हटलं, बघ, माझ्या आईला काय कळतं ते. तो म्हणाला, आठवडा जाऊ दे.

आठवडा गेला नाही. माझी रात्रपाळी लागली. ती गाढ झोपल्यावर मी माझ्याऐवजी तुझ्या नेसूच्याची वळकटी तिच्या कुशीत ठेवली, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता निघाले. विचियन सांगतो, ती उठली, वळकटी चाचपली, उलगडून आत बघितलं आणि मग जी रडायला लागली ती उजाडेपर्यंत. आता ती नेसूचं जवळही घेत नाही. दाखवलं की ढकलून देते. अंघोळीचं पाणी काढलं तरी रडते, कारण अंघोळीनंतर काय येतं ते आता तिला पक्कं माहीत झालंय. तुझा क्रमच आमच्यावर उलटला.

प्रत्येकाकडे एक उपाय आहे. कुणी म्हणतं घाबरली आहे, कुणी म्हणतं लाडावली आहे. विचियन म्हणाला, रडू दे एकदा पोटभर, थकून झोपेल. आम्ही दोघं बाहेर नळापाशी उभे राहिलो. भिंतीपलीकडचे भिंत ठोकत होते. शेवटी आत धावला तो विचियनच, आणि नंतर माझ्यावरच चिडला की तू मला थांबवलं का नाहीस.

काल मशीनवर मला झोप लागली आणि सुई बोटातून आरपार गेली. काळजी करू नकोस, डाव्या हाताचं बोट आहे. सायजाई मावशी म्हणते तिच्याकडे एक कफाचं औषध आहे, थोडंसं दिलं की मुलं गपगार झोपतात, ती सांभाळते त्या पोरांना देते. मी नको म्हटलं. पण खरं सांगू, त्या बाटलीकडे मी दोनदा बघितलं.

परत पाठवायचं म्हणू नकोस. दोन वर्षं मी या खोलीचीच वाट बघत होते.

तुझा हात डोक्यावर असू दे, एवढंच.

दुआन


समुत प्राकान,
११ जुलै

ति. आईंना,
विचियनचा कृ. सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा सरळच लिहितो. दुआनने हे वाचलं आहे. तिने फाडलं नाही.

मंगळवारी दुआन रात्रपाळीला गेल्यावर मी तेंगला ते कफाचं औषध दिलं. मावशीने दिलेला चमचा सापडेना म्हणून झाकणाने अंदाजाने ओतलं. तेंग झोपली. मीही झोपलो, किती दिवसांनी ते आठवत नाही. सकाळी दुआन आली आणि तिला उचललं तर मान मागे पडली. हाक मारली, पाणी शिंपडलं, डोळे अर्धे उघडून पुन्हा मिटत होते. मी तिला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत पळालो. दुआन अनवाणी मागे.

आता तेंग बरी आहे. संध्याकाळपर्यंत डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं. जागी झाली तेव्हा तिने पाणी मागितलं आणि मला एक चापट मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या लहान मुलांना झोपेसाठी हे औषध कधीच द्यायचं नसतं, श्वास बंद पडू शकतो. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. त्या हळू बोलल्या, ते जास्त लागलं.

आई, आमच्याच्याने होत नाही. दुआन वाळून गेली आहे. मी बर्फाच्या लाद्या उचलताना झोकांड्या खातो, मुकादम म्हणतो प्यायला आहेस काय. तुम्ही येऊन तेंगला घेऊन जा. शाळेच्या वयाची झाली की आणू. मी तुमच्या घरी तीन पावसाळे जावई म्हणून राहिलो, तुम्ही मला कधी परका मानलं नाहीत, त्या जोरावर मागतो आहे.

राग असला तरी मला तुमचाच समजा.

विचियन


बान नोंगदू,
१६ जुलै

चि. विचियन आणि चि. दुआन यांना आईचे आशीर्वाद.

पत्र वाचलं. शेजारच्या पोराकडून पुन्हा वाचून घेतलं, वाटलं मीच चुकीचं वाचते आहे. विचियन, तू समोर असतास तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही. नंतर मात्र जेवायला वाढलं असतं.

मी येते. किडे कोषाआधीच्या शेवटच्या वाढीला लागताहेत, आता दिवसरात्र पाला लागतो, सोडून जायची ही वेळच नव्हे. पण टोपल्या वहिनीच्या ताब्यात देते. तिला ओला पाला घालू नकोस म्हणून दहादा बजावलं आहे, ती अकराव्यांदा घालेलच. पुढच्या आठवड्यात निघते.

दुआन, तिच्या बंड्या आणि तो कापडी हत्ती पिशवीत भरून ठेव. येताना मी रात्रीची गाडी धरीन आणि परततानाही रात्रीचीच. तिला भरवून, निजवून गाडीत घालू, म्हणजे रडारड होणार नाही. तुम्ही नेलीत तशीच, झोपेत. उठेल तेव्हा घरी असेल.

तू आई म्हणून कमी पडलीस असं मनात आणू नकोस. मी तसं म्हणत नाही, गावात कुणी म्हटलं तर त्याचं मी बघून घेईन.

माया आहे तशीच आहे, दोघांवरही.

खामपून


समुत प्राकान,
२० जुलै

ति. आईस सा. न.

हे पत्र टपालाने नाही, आपल्या गावच्या थोंगदी ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तू निघायच्या आत तुझ्या हातात पडायलाच हवं. घाईत लिहितेय म्हणून अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

तुझ्या पत्राप्रमाणे मी काल दुपारी तिच्या बंड्या पिशवीत भरत होते. ते सुई गेलेलं बोट पिकलं म्हणून मला सुट्टी दिली आहे. तेंग हत्ती घेऊन बाजूला बसली होती. तिला कुणी नीज म्हटलं नव्हतं, भरदुपार होती. ती पिशवीकडे बघत राहिली आणि म्हणाली की मी झोपणार नाही. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, झोपलं की गाडी येते.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कुठली गाडी? तर इतक्या सहज म्हणाली, मोठी गाडी, झोपलं की येते, मग आई नसते.

आई म्हणजे तू.

मी पिशवी तशीच ठेवून खाली बसले. आठव, आई. दरवर्षी एप्रिलात सोंगक्रानच्या सणाला आम्ही येतो, चार दिवस तिला खांद्यावरून उतरवत नाही, आणि निघतो तेव्हा ती झोपलेली असते. मुद्दाम. पहाटे तू दिवासुद्धा लावत नाहीस. यंदा तिलाच झोपेत उचललं. तुझ्या कुशीत डोळे मिटले आणि उघडले ते गाडीत, एका बाईच्या मांडीवर, जिला ती वर्षातून चार दिवस ओळखते. इथे आल्यावर मी काय केलं, तर ती झोपायची वाट बघितली आणि चपला हातात घेतल्या. तिने एकदा डोळे मिटले की कुणी ना कुणी जातंच. मग तिने उभं राहायचं नाही तर काय करायचं? आम्ही म्हणत होतो तिला झोप येत नाही. झोप तर तिला येत होती. ती पहारा देत होती.

आणि औषध देऊन आम्ही तो पहाराही काढून घेतला. विचियनला हे सांगितलं तर तो नळापाशी जाऊन बराच वेळ तोंडच धूत बसला.

कुणाचा दोष काढत नाही. ती रडू नये म्हणून आपण सगळ्यांनी मिळून केलं. आणि तिचं रडणं आपल्याला बघवणार नाही म्हणूनही.

तू ये. पण रात्रीच्या गाडीने येऊ नकोस, दिवसाच्या ये, आम्ही तिघं तुला घ्यायला उभे राहू. आणि जाताना दिवसाढवळ्या, तिच्या डोळ्यांदेखत जा. तिला न्यायचं तू ठरवलंसच तर जागी असताना, मला हात हलवत ने. पण नेऊ नकोस. तिला पुन्हा एकदा उचलून दुसरीकडे ठेवायचं नाही असं मला वाटतं. हे मी माझ्या हट्टापायी म्हणते आहे का, ते तू आल्यावर बघून ठरव. तू ठरवशील ते मी ऐकेन.

वाट बघते. एवढा लोभ करच.

तुझी दुआन


बान नोंगदू,
५ ऑगस्ट

चि. दुआनला अ. उ. आ.

काल दिवेलागणीला घरी पोचले. दिवसाची गाडी म्हणजे तव्यावरची पोळी, पंखे फक्त दाखवायला. पाय सुजले आहेत, बाकी धडधाकट. वहिनीने ओला पाला घातलाच. निम्म्याहून जास्त किडे गेले. ती रडायला लागली म्हणून तिचीच समजूत काढावी लागली. जाऊ दे, तुती शाबूत आहे, पुढची खेप घेऊ.

तुला खरं सांगते. मोरचितच्या बसस्थानकावर गाडी लागेपर्यंत मी मनातून पोरीला नेणारच होते. तुझ्याकडे आठ दिवस राहिले, ती माझ्यापाशी निवांत झोपली, तुझं तोंड उतरलेलं दिसत होतं, तरी मी मनात पिशवी भरतच होते. त्या सकाळी ती माझ्या कडेवर होती आणि तू तिच्या चपलेचा बंद लावत होतीस. तिने तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तोल सांभाळायला ठेवतात तसा, न बघता. भिंतीवर ठेवावा तसा. तेव्हा मी ठरवलं.

तिला मी काय म्हटलं ते तू ऐकलंसच. की मी जाते, किड्यांना पाला घालायला जाते. तू इथे राहायचंस. भात कापून झाला की मी येईन, आणि येईन तेव्हा तू जागी असशील. ती समजल्यासारखी मान हलवत होती आणि गाडीने आवाज केल्याबरोबर जी ओरडली, तसं ओरडणं मी नवरा गेला तेव्हाही ओरडले नव्हते. खिडकीतून मला दिसत होतं. ती तुझ्या हातातून निसटत होती, लाथा मारत होती, विचियन तिला हात हलवायला लावत होता. मी उठले होते. कंडक्टर म्हणाला, म्हातारे, बस खाली, गाडी वळतेय. बसले.

शेजारची बाई म्हणाली, पोरीला झोपवून निघायचं होतंत, एवढं कशाला रडवलंत. तिने मला एक उकडलेलं अंडं दिलं, ते हातातच राहिलं.

आता मला लवकर कळव. रात्री काय झालं? झोपली का? आपण चुकलो तर नाही? इथे कुत्रं भुंकलं तरी मला वाटतं तिचा आवाज आला. टपाल यायच्या वाटेवर मी उगीचच झाडत बसते.

जीव तिकडे आहे, आशीर्वादही तिकडेच.

आई


समुत प्राकान,
२९ ऑगस्ट

ति. आईस,
दुआनचा सा. न. वि. वि.

मधे दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, आज नीट लिहिते.

तू गेलीस त्या दिवशी ती खोलीपर्यंत रडत आली. मग भात खाल्ला. मग पुन्हा रडली, पण या वेळी माझ्या मांडीवर बसून, आणि रडता रडता विचारत होती की आई गाडीत बसली ना, आईने हात हलवला ना. मी म्हटलं, हो, तू बघितलंस. बघितलं, म्हणाली. आणि आडवी झाली. त्या रात्री ती उभी राहिली नाही, आई. एकदा उठली, मला चाचपलं, माझ्या नाकात बोट घातलं आणि झोपली.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. पुढचे काही दिवस वाईट गेले. पण आता आम्ही एक नियम केला आहे. अंघोळ झाली की मी तिला सांगते, आज कोण जाणार, कोण राहणार, सकाळी कोण दिसणार. खोटं सांगायचं नाही. आधी लहान लहान जाऊन बघितलं. म्हणायचं, मी कपडे वाळत घालून येते, आणि लगेच यायचं. मग, नळावर जाऊन येते, आणि थोडं उशिरा यायचं. पहिल्यांदा ती दारात उभी राहून माझ्या पाठीकडे बघायची. मग आतूनच हाक मारायची. मग हाकही मारेना. तुझा क्रम पुन्हा सुरू केला आहे, फक्त शेवटी निरोप जोडला. गाणं तेच, बेडकाचं.

तिला निरोपाचं वेडच लागलं आहे. बर्फवाला न सांगता गेला की रुसते. सायजाई मावशीने ती बाटली तिच्यासमोर मोरीत ओतली, तर तेंगने बाटलीलाही हात हलवला. मावशी अजून माझ्याशी बोलताना सदऱ्याच्या टोकाशी चाळा करते. मी तिच्यावर रागावले नाही. तीन पोरं सांभाळून गाडी चालवायची म्हणजे तिलाही झोप हवीच.

खरी भीती रात्रपाळीची होती. ती या आठवड्यात लागली. मुकादमीणबाईंना बदलून मागितली, त्या म्हणाल्या सगळ्यांनाच पोरं आहेत. तेव्हा मी तेंगला अंघोळीनंतरच सांगितलं की आज मी जाणार, विचियन राहणार, सकाळी भाताच्या वेळी मी दिसेन. ती जागी असतानाच निघाले. रडली, सदरा धरला, विचियनने एकेक बोट सोडवलं. कारखान्यात पोचेपर्यंत मला ते ऐकू येत होतं. सकाळी मी आले तेव्हा दोघं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून घोरत होते. दुसऱ्या दिवशी कमी रडली. तिसऱ्या दिवशी नुसती तोंड वाकडं करून बसली.

काल मी निघायची तयारी करत होते. सांगून झालं होतं, गाणं झालं होतं. मी डबा घेतला, तो ठेवला, पाण्याचा तांब्या झाकला, पुन्हा तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. विचियन म्हणाला, निघ. मी म्हटलं, निघतेच आहे. तिने डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली. तेवढ्यात डोळे न उघडताच म्हणाली की तू जा आता, दार लाव, मला झोपायचंय.

मी दार लावून घेतलं आणि बाहेरच उभी राहिले. आतून काहीच ऐकू येईना. रडणं नाही, हाक नाही. विचियनने एकदा बाहेर डोकावून विचारलं, काय राहिलं? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही राहिलं नव्हतं. तरी पाय निघेना. शेवटी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा पळत सुटले, आणि उशीर झालाच.

भात कापायला कधी धराल ते कळव, म्हणजे तिला नेमकं सांगता येईल. तुझ्या मायेत आम्हा तिघांना असंच धरून ठेव.

तुझी,
लामदुआन